न उचललेला कप

१ एप्रिल

दादा,

फोनवर आपण दुसऱ्या मिनिटाला भांडतो, म्हणून लिहिते आहे. आधी काय घडलं ते क्रमाने:

१. गेल्या महिन्यात बाबांचं पत्र आलं. जेवणाच्या टेबलावर पांढरा गोल डाग पडला आहे, कसा काढायचा, असं त्यांनी विचारलं होतं.
२. मी उपाय कळवला. डाग गेला.
३. थोड्याच दिवसांत दुसरा डाग पडला. तोही त्यांनी काढला.
४. मग तिसरा. यातला एकही डाग आपण पाडलेला नाही, असं बाबांचं म्हणणं आहे.
५. घरात ते एकटेच असतात. कामाच्या मावशी सकाळी येऊन जातात. डाग संध्याकाळी दिसतात.
६. बाबांनी दाराचं कुलूप बदललं.
७. कुलूप बदलल्यानंतर चौथा डाग पडला.

यात माझं मत कुठेही नाही.

आता डागांबद्दल. माझं काम तुला माहीत आहे: फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश तपासायचं. फळीवर गरम कप ठेवायचा, ओलं फडकं ठेवायचं आणि काय बिघडतं ते पाहायचं. आपल्या टेबलाला जुनं लाखेचं पॉलिश आहे. त्यावर गरम किंवा ओलं भांडं राहिलं की ओल वरच्या थरात अडकते आणि तिथे पांढरं दिसतं. खालचं लाकूड शाबूत असतं. म्हणून टेबल आधी चांगलं वाळू द्यायचं, डागावर जाड सुती कापडाची घडी ठेवायची, आणि वाफ बंद करून अगदी कोमट इस्त्री क्षणभर टेकवून उचलायची. बघायचं, पुन्हा टेकवायची. घाई केली तर पॉलिशच सुटतं. डाग गेला की मेणाचा हात फिरवायचा. बाबांनी हे सगळं बिनचूक केलं. 'तुझ्या शिक्षणाचा घराला पहिल्यांदाच उपयोग झाला,' असं उलट टपाली लिहिलंही.

पण डाग काढणं वेगळं आणि तो कोणी पाडला हे शोधणं वेगळं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. जुन्या कुलपाची एक किल्ली तुझ्याकडे होती, एक माझ्याकडे. नव्याची फक्त बाबांकडे आहे. घरातून काहीही गेलेलं नाही. कोणी येत असेल, तर ते न्यायला येत नाही. तेच मला बरं वाटत नाही.

मला भीती वाटते. हे वाक्य मी एकदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

जुनी किल्ली तू कधी कोणाला दिली होतीस का? पुढच्या महिन्यात तुझी मुंगी तिथे आजोबांजवळ पंधरा दिवस राहणार आहे, म्हणून विचारते.

मिरी

*

५ एप्रिल

मिरे,

हे पत्र आहे की पोस्टमॉर्टेमचा अहवाल? मी वाचत होतो तेव्हा तुझ्या वहिनीने माझं तोंड बघून विचारलं, 'कोण गेलं?' म्हटलं, टेबल.

किल्ली मी कोणालाही दिलेली नाही. एवढा विचार करायची गरजच काय? कामाच्या मावशीच असणार. दुपारी बाबा खाली फेरी मारायला जातात आणि दार नुसतं लोटून जातात, नवं कुलूप काय लोणचं घालायला? बाई येते, पंख्याखाली बसते, निवांत चहा पिते, जाते. तुमच्या प्रयोगशाळेत एवढं साधं शिकवत नाहीत?

मी बाबांना तीन उपाय लिहून टाकलेत. एक, बाईला काढा. दोन, दाराला आतून आडवी कडी बसवून घ्या. सुताराला मी इथूनच निरोप धाडलाय. तीन, आजोबांची ती शिसवी काठी माळ्यावरून काढा आणि दाराशी ठेवा. सापडला भामटा तर आधी दोन ठेवून द्या आणि मग नाव विचारा. बाबा खूश होतील बघ. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी कामच दिलं नव्हतं.

मुंगीची बॅग भरून तयार आहे. आत एक कापडी ससा आणि माझा एक बूट. एकच. 'आजोबांकडे बाबाचा एक तरी पाय हवा,' म्हणते. तुझ्या वहिनीचं प्रशिक्षण ४ मेला सुरू होतंय आणि मला त्याच दिवशी यंत्रं बसवायला बाहेरगावी हजर व्हायचंय. ३ तारखेला रविवारी मुंगीला बाबांकडे सोडून मी तसाच पुढे जाईन. तिकिटं काढली आहेत. काल तिला भिंतीशी उभी करून मोजली, बरोबर एकशे चार सेंटिमीटर भरली. बाबांना कळव, त्यांना आकडे आवडतात.

आणि भीतीबिती सोड. तू लहानपणी फ्रिजच्या आवाजालाही घाबरायचीस. राईचा पर्वत करायला तुला कारखान्यात पगार देत नाहीत.

दादा

*

१० एप्रिल

चि. मिरी,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहीत बसत नाही.

दादाच्या सांगण्यावरून मावशींना थांबवलं. वाईट वाटलं. बारा वर्षांत त्यांनी साधा चमचाही इकडचा तिकडे केला नव्हता. जाताना एवढंच म्हणाल्या, 'साहेब, दुपारची गोळी विसरू नका.' कडी बसवून घेतली. चांगली जाड आहे. आतून घातली की बाहेरून हत्ती आला तरी दार उघडणार नाही.

कडी घातलेली असताना परवा डाग पडला.

मी जन्मभर लोकांच्या घरांचे नकाशे काढले. माणूस घरात कुठून शिरू शकतो ते मला कळतं. आपल्याकडे दार एक, खिडक्या तीन, तिन्हींना गज. मोरीच्या खिडकीतून मांजरही कुरकुर करत येईल. तरी तो येतो. कधी येतो ते कळत नाही, कारण कानाचं यंत्र मी ड्रॉवरमध्ये ठेवतो. लावलं की सगळं जग भांडी घासतंय असं वाटतं. आता लावून बसतो. काठी मांडीवर असते. परवा डुलकी लागली आणि जाग आली तर कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी खुर्ची मागे सरकलेली. मिरी, मी भित्रा माणूस नाही. पण त्या खुर्चीकडे बघून माझ्या पाचावर धारण बसली.

इस्त्रीने डाग जातो. पण त्या जागेवरचं पॉलिश आता पातळ झालंय, बोटाला खरखरीत लागतं.

हे दादाला कळवू नकोस. कळलं तर तो मुंगीला पाठवणार नाही. तुझी आई गेल्यापासून या घरात कोणी धावलेलं नाही. तिच्यासाठी मी खालच्या खणातून माझे जुने रंगीत खडू काढून ठेवलेत. ती येण्याआधी हा माणूस मला सापडायला हवा. सापडणार.

बाबा

ता. क. आपल्या जेवणाच्या टेबलावर पांढरा गोल डाग पडला आहे. असा डाग कसा काढतात ते तुला नक्की माहीत असेल. सवडीने कळव.

*

१२ एप्रिल

बाबा,

तुमचं पत्र मिळालं. ताजा कलम मी पुन्हा पुन्हा वाचला.

डागाबद्दल: पुढचा डाग पडला तर तो काढू नका. इस्त्री तूर्त कपाटात ठेवा. वारंवार शेक बसून पॉलिश मऊ झालं आहे. आता तिथे पाणी सांडलं तर ते थेट लाकडात उतरेल आणि डाग काळा पडेल. काळा डाग इस्त्रीने जात नाही, त्यासाठी सगळं पॉलिश खरवडावं लागतं.

मला एवढंच कळवा. डाग एकच कडं आहे की एकात एक अडकलेली अनेक? कड्याच्या आतली जागा स्वच्छ आहे की तीही पांढरी? रुंदी किती? टेबलावर नेमका कुठे?

काठी दाराशी राहू द्या, मांडीवर नको. येत्या रविवारी मी येते.

दादाला मी अजून काही कळवलेलं नाही.

मिरी

*

१५ एप्रिल

चि. मिरी,

तुझे प्रश्न वाचून नोकरीतले दिवस आठवले. उत्तरं अशी:

कडं एकच. अखंड, कंपासने काढल्यासारखं. आतली जागा स्वच्छ. बाहेरची रुंदी साडेसहा सेंटिमीटर. जागा माझ्या समोरची, खिडकीला पाठ असलेली. म्हणजे तुझ्या आईची. माणूस धीट आहे. एवढ्या खुर्च्या सोडून नेमका तिथेच बसतो.

आणखी एक. जाताना तो कप धुतो आणि ओट्यावर पालथा घालून ठेवतो. तुझ्यासाठी आजवर जी स्थळं बघितली त्यातल्या एकानेही कप धुतला नसता. चोर आहे म्हणून, नाहीतर मी त्याला तुझ्याबद्दल विचारलं असतं.

काल पुन्हा आला होता. मी दोन खोल्यांमधल्या दारामागे उभा होतो. पाय दुखेपर्यंत उभा होतो. त्याने मला पाहिलं असावं, कारण तो आलाच नाही आणि डाग मात्र पडला.

रविवारी ये. पण कोणत्या वेळी येणार ते आधी कळव आणि दारातूनच मोठ्याने हाक मार.

बाबा

*

२० एप्रिल

दादा,

काल मी बाबांकडे होते. हे पत्र बसून वाच.

त्याआधी डागांचं सांगते. चहा पिणारा माणूस कप उचलतो, घोट घेतो, परत ठेवतो. प्रत्येक वेळी कप थोडा सरकतो, म्हणून टेबलावर एकात एक अडकलेली कडी उमटतात. कारखान्यातल्या कुठल्याही टेबलावर तू हे बघू शकतोस. बाबांच्या टेबलावर दरवेळी एकच कडं पडतं, अखंड. म्हणजे गरम कप एकदा ठेवला गेला आणि निवेपर्यंत कोणी उचललाच नाही. चोरून घरात शिरून, चहा करून, तो न पिता निघून जाणारा माणूस मला कल्पनेतही उभा करता येईना. म्हणून मी गेले.

दिवसभर बाबा अगदी नीट होते. मी मीठ कमी घातलं म्हणून बोलले. तू सांगून बसवलेली कडी तीनदा घालून दाखवली. मुंगीची उंची सांगितल्यावर भिंतीवर पेन्सिलने खूण केली.

पाचच्या सुमारास ते चहा करायला उठले. तीन कप आणले. एक माझ्यापुढे बशीत, एक त्यांच्यापुढे बशीत. तिसरा आईच्या जागेवर, थेट टेबलावर. आईला बशी नको असायची, आठवतं? मग स्वयंपाकघराकडे मान वळवून ते रोजच्या आवाजात म्हणाले, 'चहा निवतोय गं.'

आम्ही चहा प्यायलो. मुंगीला कुठल्या कॉटवर झोपवायचं यावर ते बराच वेळ बोलत होते. नंतर त्यांनी तिन्ही कप उचलले, तिसऱ्यातला गार चहा मोरीत ओतला आणि कप धुऊन पालथे घातले. येताना फडक्याने टेबल पुसलं. तेव्हाच त्या जागेवर पांढरं कडं धरायला लागलं होतं. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

मी दाराबाहेरच्या दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला गेले. आतून खुर्ची पडल्याचा आवाज आला. कपड्यांचा ढीग हातात घेऊन मी आत आले आणि दोन खोल्यांमधल्या दारातून पुढे झाले. बाबा दारामागे होते. तुला सुचलं होतं तसंच झालं. काठी आधी आली, प्रश्न नंतर.

'कोण आहेस?' ते म्हणाले.

'बाबा, मी.'

'मी म्हणजे कोण?'

दादा, त्यांचा आवाज मी कधीच तसा ऐकला नव्हता. रागाचा नव्हता. ते माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले होते. थोड्या वेळाने त्यांनी कपडे उचलायला मला मदत केली आणि म्हणाले, 'बघितलंस? आपण दोघं घरात असताना आला.'

मला काही झालेलं नाही. काठी दाराच्या चौकटीवर आदळली आणि खाच पडली. खाच जमिनीपासून एकशे चार सेंटिमीटरवर आहे. मी दोनदा मोजली.

मुंगीला पाठवू नकोस.

मिरी

*

२३ एप्रिल

मिरे,

तुझं पत्र मी बसूनच वाचलं. मग उभा राहून वाचलं. मग गच्चीत जाऊन वाचलं. तुझ्या वहिनीला दाखवलेलं नाही.

मला एक सांग, आईला हाक मारणं म्हणजे वेड का? मीसुद्धा मारतो. किल्ल्या सापडल्या नाहीत की तोंडातून 'आई, कुठे ठेवल्यास गं' असं निघतं आणि मग मी गप्प बसतो. तिच्यासाठी चहा ठेवत असतील. ठेवू देत! एकट्या माणसाने काय करायचं, टेबलाशी बोलायचं? तू तिथे जाऊन त्यांना जंतूसारखं काचेखाली धरलंस. तू मागून कपड्यांचा डोंगर घेऊन आलीस, तोंड दिसत नव्हतं, ते दचकले. कोणीही दचकेल. आणि ती खाच! एकशे तीनवर पडली असती तर काय लिहिणार होतीस?

तुझं अक्षर बघ. मोत्यासारखं असायचं, आता कोंबडीचे पाय. ओळी खाली उतरल्यात. तू दमली आहेस. चार दिवस रजा घे, झोप. तुझं डोकं ठिकाणावर नसताना मी तुझ्या सांगण्यावरून माझ्या बापाला लेकरापासून तोडायचं?

बाबांचं पत्र कालच आलं. चार पानं. एक अक्षर चुकलेलं नाही. मुंगीला अंतर मोजायला कसं शिकवणार ते लिहिलंय. असा माणूस तुला आजारी वाटतो?

खरं सांगू का, तू आधीच मनाशी ठरवलंयस. साप म्हणून भुई धोपटायची आणि शेवटी बाबांना कुठल्या तरी संस्थेत ठेवायचं. मी ते होऊ देणार नाही. लेकरू घरात आलं की ते आपोआप ताळ्यावर येतील. आईच्या जागेवर मुंगी बसेल, मग कप कोण ठेवतंय?

तिकिटं तशीच आहेत. ३ तारखेला सकाळी पोचतो.

दादा

*

२६ एप्रिल

दादा,

आधी अक्षराबद्दल. हे पत्र आणि मागचं पत्र मी डाव्या हाताने लिहिलं आहे. उजव्या मनगटाच्या हाडाला तडा गेला आहे. काठी आधी मनगटावर बसली आणि मग चौकटीवर. मागच्या वेळी मी ते लिहिलं नाही, कारण कळलं असतं तर तू बाबांवर चिडला असतास. तू माझ्यावर चिडलास, ते चालेल.

एकशे तीनवर पडली असती तरी मी हेच लिहिलं असतं.

मी गुरुवारपासून बाबांकडे आहे. कारखान्यातून रजा घेतली. कडी काढली. काठी शेजाऱ्यांकडे दिली. मावशींच्या घरी जाऊन माफी मागितली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आपण. त्या म्हणाल्या, 'साहेब बाईंना हाक मारायचे ते मला ठाऊक होतं. मला वाटलं, घरचं दुःख आहे, आपण कशाला बोला?' उद्यापासून त्या सकाळ-संध्याकाळ येतील. मंगळवारी डॉक्टरांकडे जायचं आहे.

काल मी बाबांना सांगितलं. सांगावं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. ते अजूनही दारामागे उभे राहतात, पाय दुखेपर्यंत. नसलेल्या माणसाला इतकं घाबरून त्यांनी जगावं, हे मला बघवेना. दुपारी ते शुद्धीत होते, म्हणजे पूर्ण होते, आणि त्यांनी आईचा कप नुकताच ठेवला होता. मी तो उचलू दिला नाही.

'बाबा, हा कप कोणी ठेवला?'

'मी.' मग थांबून म्हणाले, 'मी ठेवला का?'

'आत्ता, माझ्यासमोर.'

त्यांनी कपाला बोट लावून पाहिलं. गरम होता. खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. नकाशात चूक सापडली की ते अशीच एकेक बाजू तपासायचे.

'म्हणजे रोज मीच.'

'हो.'

'आणि चोर?'

'कोणी नाही, बाबा.'

मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल. त्यांचा चेहरा त्याआधी होता त्याहून वाईट झाला. चोर होता तोवर त्यांच्याकडे काठी होती. ते माझ्या प्लास्टरकडे बघत राहिले. तोवर त्यांनी त्याबद्दल दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा मी 'पडले' म्हटलं होतं.

'हेही मीच?'

मी हो म्हटलं. खोटं बोलता आलं असतं. बोलले नाही.

त्यांनी टेबलाची कड धरली. मग म्हणाले, 'दादाला लिही. मुंगीला आणू नको म्हणावं. आत्ता लिही, माझ्यासमोर.' मी कागद घेतला. डाव्या हाताने अक्षरं लवकर होईनात, तर म्हणाले, 'लवकर कर गं, मला हे किती वेळ टिकेल माहीत नाही.' आणि मग हे सांगितलं, त्यांच्याच शब्दांत लिहिते: 'उद्या मी त्याला पाठव म्हणून लिहीन. चांगलं पत्र लिहीन, हसवीन. मला लिहिता येतं. ते माझं मानू नका. हे माझं माना.'

तसंच झालं. आज सकाळी उठल्यावर त्यांनी मला हाताला काय झालं ते विचारलं. मग टेबलाशी बसून तुला तीन पानं लिहिली. खडू कुठल्या डब्यात ठेवलेत तेही लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. पत्र खरंच सुंदर आहे. मी ते अडवलेलं नाही, स्वतः टपालात टाकते आहे, याच पत्राबरोबर. दोन्ही तुला एकाच दिवशी मिळतील. दोन्ही बाबांचीच आहेत.

ते इस्त्री शोधत होते. मी टेबलाच्या त्या भागावर मेणाचे दोन हात दिले आहेत. पॉलिश पुन्हा करावं लागेल, पण ते थांबू शकतं. आईचा कप मी बंद केलेला नाही. त्याखाली बशी ठेवते आणि चहा निवला की बाबांच्या आधी उचलते. कधीकधी मीच पिते.

तू लिहितोस, मुंगी आली की ते ताळ्यावर येतील. मी तुझी बहीण म्हणून नाही, तिथे उभी होते म्हणून सांगते: ते ज्याला 'कोण आहेस' विचारतात त्याला उत्तर द्यायला वेळ मिळत नाही. काठी मी घराबाहेर काढली. लाटणं आहे, विळी आहे, दाराचा अडसर आहे. मी सगळं घर रिकामं करू शकत नाही. मी रात्री माझ्या खोलीचं दार आतून लावते, दादा. माझ्या वडिलांच्या घरात. मुंगीचा हात वरच्या कडीला पोचत नाही.

त्यांना मी कुठेही ठेवणार नाही. निदान मे अखेरपर्यंत मी इथे आहे. पुढचं तू, मी आणि वहिनी मिळून ठरवू, फोनवर भांडत का होईना. मुंगीने आजोबांना बघायला जरूर यावं, पण तुम्ही दोघं बरोबर असताना, दिवसा, आणि त्याच दिवशी परत.

पंधरा दिवसांची सोय मी विचारून ठेवली आहे. वहिनींच्या धाकट्या बहिणीशी बोलले. तिची सुट्टी आहे आणि ती मुंगीला आनंदाने ठेवून घेईल. मी तिला कारण सांगितलेलं नाही. वहिनींना मात्र तू सांग. हे त्यांच्यापासून लपवायचा हक्क तुला नाही, मलाही नव्हता.

बाबांचं पत्र आधी उघडशील, मला माहीत आहे. उघड. हसू आलं तर हस. मग हे पुन्हा वाच.

मुंगीला तू ३ तारखेला इथे आणणार नाहीस, एवढं एक वाक्य मला लेखी हवं आहे. गुरुवार, ३० एप्रिलपर्यंत कळव.

मिरी